अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाबद्दल 2024-25 हंगामाच्या सुरुवातीला काय वाटतं?

मी ड्यूकचा चाहता, आणि डिसेंबर 2024 मधला ऑबर्न विद्यापीठाविरुद्धचा आपला 84-78 विजय पाहून आत्ताच उठलोय, त्यामुळे उत्साह जरा जास्त आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगतो.

हंगाम सुरू झाला तेव्हा आपला कूपर फ्लॅग 18 वर्षांचाही नव्हता, पण खेळाची समज पाहिली की विश्वास बसत नाही. केंटकीविरुद्ध त्याने 26 गुण केले, पण शेवटच्या मिनिटात चेंडू हातातून गेला आणि आपण 77-72 ने हरलो. अनेकांनी त्यावरून त्याला धारेवर धरलं. मला ते पटलं नाही. अशा क्षणी चेंडू स्वतःकडे मागणारा पोरगा आधी घडावा लागतो. पुढे ॲरिझोनात जाऊन त्याने 24 गुण केले आणि आपण 69-55 ने जिंकलो!

खरी काळजी वेगळीच आहे. कॅन्ससविरुद्ध त्यांचा हंटर डिकिन्सन मैदानाबाहेर काढला गेला, तरी आपण 75-72 ने हरलो. अटीतटीच्या वेळी शांत डोक्याने खेळ चालवायचा कुणी, हे अजून ठरलेलं नाही. माझ्या मते ते काम टायरीस प्रॉक्टरचं; सगळ्यांत अनुभवी नसला तरी या हंगामात ड्यूकमध्ये तिसरं वर्ष आहे त्याचं.

कॉन क्नुपेल नेमबाज तर आहेच, शिवाय पासही सुरेख देतो. खमान मलुआच बास्केटखाली भिंतीसारखा उभा राहतो, हातात चेंडू आल्यावर मात्र अजून कच्चा वाटतो. सायन जेम्सचा बचाव मला फार आवडतो.

आणि आयझेया इव्हान्स! बेंचवरून येऊन पहिल्याच हाफमध्ये सहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन-तीन गुणांचे बास्केट. प्रशिक्षक शायर सर, त्याला आता बसवून ठेवू नका.