१/३५ स्केलचा टी-३४ (दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं मॉडेल) रंगवून झालाय, पण अगदी खेळण्यासारखा दिसतो. वेदरिंग (मॉडेल वापरलेलं, ऊनपाऊस खाल्लेलं दिसावं म्हणून करायचं रंगकाम) कसं आणि कोणत्या क्रमाने करावं?

तुम्ही म्हणता, ॲक्रिलिकचा हिरवा रंग सगळीकडे एकसारखा बसलाय, आता पुढे काय. ब्रश उचलण्याआधी रणगाडा कुठल्या ऋतूतला ते ठरवून टाका: उन्हाळ्यातली धूळ की बर्फ वितळतानाचा चिखल. डाग असो, ओरखडा असो की गंज, तो तिथे का आला याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

गंजाचंच घ्या. कितीतरी टी-३४ आघाडीवर गेल्यावर थोड्याच काळात नष्ट झाले. चिलखतावर पापुद्रे सुटण्याइतका गंज चढायला त्यांना वेळच मिळाला नाही. मागच्या प्लेटवरच्या दोन एक्झॉस्ट पाइपांवर मात्र गंज हवाच, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जातो. ट्रॅकवरही हवा. पण ट्रॅकचा जो भाग जमिनीला घासतो तो चकाकतो. तिथे ६बी पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा. रस्त्याच्या कामावर ट्रॅकवाला पोकलेन दिसला तर जवळ जाऊन बघा, यातलं बरंचसं तिथेच शिकायला मिळतं.

रंगाचे टवके उडालेले दाखवताना स्केल विसरू नका. मॉडेलवरचा १ मिमीचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर! स्पंजचा छोटा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपा आणि हॅचच्या कडा, फेंडर, टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) बसलेले सैनिक धरायचे त्या दांड्या, एवढ्याच जागी हलकेच टेकवा. चंदेरी रंग इथे अजिबात नको.

आता क्रम. बेसकोटवर, म्हणजे त्या हिरव्या रंगावर, ग्लॉस (चकचकीत) वार्निश, मग डिकल्स (चिकटवायची चिन्हं आणि आकडे). मॅट पृष्ठभागावर डिकल लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेने पांढुरकं दिसतं. डिकल्सवर पुन्हा एक ग्लॉसचा हात, आणि त्यावर एनॅमल किंवा ऑइल कलरचा वॉश (खाचाखोचांत उतरणारा अगदी पातळ रंग). वॉश मिनरल टर्पेंटाइनमध्येच पातळ करायचा, कारण पूर्ण वाळलेलं ॲक्रिलिक त्यात सुटत नाही. लॅकर थिनर वापरलात तर खालचा रंगच उचलला जाईल.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो ऑइल कलरला. चित्रकलेच्या दुकानातल्या साध्या ट्यूब चालतात: बर्न्ट अंबर, यलो ऑकर, पांढरा. रंग पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, मग रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. हलच्या (रणगाड्याच्या खालच्या मुख्य धडाच्या) उतरत्या बाजूवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके विखरून द्या. चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्याला पुसा आणि वरून खाली, पाणी ओघळेल त्याच दिशेने ओढत राहा. जवळपास सगळा रंग निघून जायला हवा. मागे जी फिकट झाक राहते तिच्यामुळे एकसुरी हिरवा जाऊन पावसाने धुतलेला, उन्हाने विटलेला हिरवा उरतो.

हे दोन-तीन दिवस वाळू द्या, मग मॅट वार्निश. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कोरड्या दिवसाची वाट बघा. दमट हवेत स्प्रे मारला की लॅकरवर पांढरी झाक येते. खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क, हे कुठल्याही ऋतूत.

डिझेलचे ओघळ मॅटनंतरच. टी-३४ डिझेलवर चालायचा आणि जादा टाक्या बाहेर बाजूला बसवलेल्या असायच्या. बर्न्ट अंबरमध्ये थोडं ग्लॉस वार्निश मिसळून टाकीच्या झाकणाखाली एक बारीक ओघळ काढा. आजूबाजूचं सगळं मॅट आणि तेवढीच रेघ ओली दिसली, की डिझेल आत्ताच सांडल्यासारखं वाटतं.

पिगमेंट पावडर (धुळीसारखी दिसणारी रंगाची कोरडी भुकटी) सगळ्यात शेवटी: चाकांवर, फेंडरखाली, ट्रॅकच्या खाचांत. कोरडीच पसरा आणि ब्रशच्या टोकाने टर्पेंटाइनचा थेंब सोडा, पावडर आपोआप ओढून घेते. त्यावर वार्निश मारू नका, धूळ गडद होऊन जवळपास दिसेनाशी होते.