प्रवाळ बेटावर विहिरीला गोडं पाणी कसं लागतं? आणि तिथे बोअर का मारत नाहीत?

खानापूर-बेळगावकडे विहीर आटली की आपण बोअर मारतो, तीही आटली की आणखी खोल जातो. लक्षद्वीपसारख्या बेटावर हाच उपाय घात करतो, कारण तिथे खाली समुद्रच आहे.

तिथे नदी-ओढा नाही, कारण पोवळ्याच्या चुऱ्याच्या वाळूत पाऊस पडल्या जागीच मुरतो. वाळूच्या फटींत आधीच खारं पाणी असतं. ते गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, म्हणून मुरलेलं गोडं पाणी त्यावर तरंगतं. भिंगासारखा थर तयार होतो, मध्ये जाड आणि किनाऱ्याकडे पातळ. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या 1 फूट वर असेल, तर खाली साधारण 40 फूट गोडं, असा हिशेब सांगतात. तो कागदावरचा. भरती-ओहोटीने थर रोज हिंदकळतो, गोड्या-खाऱ्याच्या मधला बराचसा भाग मचूळ होतो. त्यातून वाळूखालचा जुना चुनखडक भोकाभोकांचा. तिथे खारं पाणी मोकळं खेळतं.

आता हाच हिशेब उलटा करून बघा. मोटर लावून पातळी 1 फूट उतरवली, की त्याच जागी खारं पाणी 40 फुटांपर्यंत वर चढू पाहतं. एकदा चढलं की मोटर बंद केल्याने लगेच उतरत नाही, पावसाळे जावे लागतात. म्हणून विहीर उथळ आणि रुंद हवी. पाणी जास्त लागत असेल तर पातळीच्या जरा खाली आडवे, भोकं पाडलेले पाइप टाकून थोडं थोडं उपसायचं.

जागा निवडताना बेटाचा रुंद भाग धरा. खाजणाच्या, म्हणजे बेट आणि प्रवाळकड्याच्या मधल्या उथळ समुद्राच्या, बाजूची वाळू बारीक असते, गोडं पाणी जास्त धरते. लक्षद्वीपची बहुतेक बेटं प्रवाळकड्याच्या पूर्व अंगाला आणि खाजण पश्चिमेला, म्हणजे मधल्या भागापासून थोडं पश्चिमेकडे सरकलेलं बरं. शोषखड्डा मात्र विहिरीपासून लांब. वाळू पाणी अडवत नाही, तशी घाणही अडवत नाही. पाणी तपासायचं ते मे महिन्यात, पावसाआधी. ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी गोड लागतात. क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असले तर उत्तम, 2000 च्या वर पिऊ नये.

एवढं करूनही वस्ती वाढली की हा थर पुरत नाही. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती, तिथे 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, क्षमता दिवसाला 1 लाख लिटर.