लग्नाचा दाखला नसताना

प्रश्न : मी आणि माझी जोडीदार ठाण्यात एकत्र राहतो. फ्लॅट तिच्या नावावर आहे, हप्ते दोघी भरतो. सोसायटीत तिने मला नॉमिनी केलंय. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही, ताई. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात नॉमिनीला मिळतं ते तात्पुरतं सभासदत्व, वारस ठरेपर्यंतचं. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः घेतलेलं घर आई-वडिलांकडे जातं. आज तुम्हाला ‘आमचीच लेक’ म्हणणारे तेव्हाही तसंच म्हणतील, या भरवशावर राहू नका.

दोघींनीही मृत्युपत्र करा. ‘माझी मैत्रीण’ असं मोघम नको. आधार कार्डावरचं पूर्ण नाव, फ्लॅटचा नंबर, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहा. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्याहून लहान वयाचे घ्या, कोर्टात यायची वेळ आली तर हयात हवेत! ज्याला घर मिळणार त्याने साक्षीला सही करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या. मनःस्थिती ठीक असल्याचं त्याच तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंत तर उत्तमच. तुमच्या वाट्याचा हप्ता रोखीत देऊ नका, खात्यातून जाऊ द्या.

बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच घर भेट देण्याचा, विचार असेल तर आधी हिशेब करा. नवऱ्याने बायकोला राहतं घर दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुम्हाला ही सवलत नाही. वर, ५० हजारांपुढची भेट कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकाकडून नसेल, तर ती घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, त्याची किंमत अशी रुपयांत मोजावी लागते.

प्रश्न : आम्हा दोघांना जॉइंट खातं काढायचंय. बँकेतले साहेब ‘नातं सिद्ध करा’ म्हणतात.

उत्तर : सिद्ध करायची गरज नाही. समलिंगी जोडप्याने असं खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्या स्पष्टीकरणाची प्रत छापून न्या आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेचदा सूर बदलतो.

प्रश्न : आम्ही दोघे पुरुष आहोत. मूल दत्तक घेता येईल?

उत्तर : जोडपं म्हणून नाही. एकट्याच्या नावाने अर्ज करता येतो, पण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. मुलगा मिळाला तरी कायद्याने पालक एकच. सरोगसीचा रस्ता २०२१ च्या कायद्याने बंद आहे.

प्रश्न : मुलगा २७ वर्षांचा. ‘मी गे आहे’ म्हणाला. आमचे मेहुणे म्हणतात, नाशिकला एक डॉक्टर हे बरं करतात. नाहीतर लग्न लावून द्या, सुधारेल.

उत्तर : काकू, हा आजार नाही, मग बरं काय करणार? असले उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलंय. आणि लग्न? कुणाच्या तरी मुलीला फसवून आणायचं आणि तिचं आयुष्य आपल्या अब्रूवरून ओवाळून टाकायचं, हे मला पापच वाटतं. मेहुण्यांना नाही म्हणायचं काम तुम्ही करा, मुलावर ढकलू नका. तुमच्या पत्रात दीड पान मेहुणे आहेत. मुलाचं कुणावर प्रेम आहे का, याची एक ओळ नाही. आधी ते विचारा.