भाजलेल्यांसाठी काम करायचं, तर प्लास्टिक सर्जनच व्हायला हवं का?

मोहोळ तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. ते सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. दिवाळीत शेजारच्या काकूंच्या साडीनं स्टोव्हवर पेट घेतला. घाबरून कुणीतरी जखमेवर टूथपेस्ट फासली. आधी ग्रामीण रुग्णालय, मग सोलापूरचं सिव्हिल. बारावी सायन्सला असलेली त्यांची लेक काकूंजवळ तीन आठवडे थांबली, आणि आता म्हणते, मला हेच काम करायचंय. वडील विचारतात, एवढी वर्षं शिकायला पैसा कुठून आणू? आणि मुलीच्या जातीला हे सोसेल का?

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लेकीनंच दिलंय. पहिल्या ड्रेसिंगला ती तिथं होती, तो वास, ते ओरडणं तिनं अनुभवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या मुलांनी आपलं काम निवडण्याआधी ते इतक्या जवळून पाहिलेलं असतं.

आता वर्षांचं. एमबीबीएस साडेपाच, सर्जरीतली एमएस तीन, मग त्यापुढची प्लास्टिक सर्जरीची पदवी, एमसीएच, तीन. साडेअकरा वर्षं, तीही कुठं न अडकता. पण काकूंना एकट्या सर्जननं वाचवलेलं नाही.

ग्रामीण रुग्णालयात काय झालं असेल ते सांगतो. आधी श्वास पाहतात. आवाज घोगरा झालाय का, नाकातले केस करपलेत का. तसं असेल तर घसा सुजून बंद व्हायच्या आत नळी घालावी लागते. मग किती टक्के भाजलं याचा अंदाज. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का. ती पेस्ट इथंच आडवी येते, कारण ती पुसल्याशिवाय जखम किती खोल आहे ते दिसत नाही. (घरी फक्त नळाचं साधं पाणी, वीस मिनिटं, आणि अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या. हे गल्लीत सगळ्यांना सांगा.) मग सलाईन. वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला चार मिली. पन्नास किलोची बाई तीस टक्के भाजली, तर चार गुणिले पन्नास गुणिले तीस, म्हणजे 24 तासांत सहा लिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षार असलेलं एक सलाईन. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. वाटेत दोन तास गेले, तर तीन लिटरला सहाच तास उरतात. हा हिशेब फक्त सुरुवातीचा. पुढं दर तासाला लघवी मोजून, साधारण 25 मिली होतेय का ते पाहून, सलाईन कमी-जास्त करतात. ती मोजते सिस्टर. तिथं चूक झाली, तर पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात किडनी गेलेला पेशंट पोचतो.

सिव्हिलमध्ये खोल जळालेली कातडी काढणं, मांडीची कातडी लावणं, रोजचं ड्रेसिंग. फारच भाजलेल्यांना नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी पाठवतात. तिथं मृत्यूनंतर दान केलेली त्वचा साठवणारी स्किन बँक आहे. आणि जखम भरली की काखेची, मानेची कातडी आखडू लागते. ‘नको गं, दुखतंय’ म्हणणाऱ्या काकूंचा हात रोज वर उचलायला लावते ती फिजिओथेरपिस्ट. तिच्याविना काकू वाचतील, पण वेणी घालू शकणार नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा तिला एकदा मनापासून देऊ द्या. फिजिओथेरपीच्या प्रवेशालाही ती लागते. सोबत राज्याच्या सीईटी सेलचा, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाचा, बीएस्सी नर्सिंगचा फॉर्म भराच. चार वर्षांत ती स्वतःच्या पायावर उभी राहील. फक्त ‘नीट’साठी दोन-तीन वर्षं घरी बसवू नका, कर्ज काढून खासगी एमबीबीएस तर नकोच.

आज रात्री जेवताना तिला एवढंच विचारा: त्या तीन आठवड्यांत तू कुणाच्या हातांकडं सर्वांत जास्त वेळ पाहत होतीस? ती जे सांगेल, ते मला कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.