चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट रुग्णालयात मुलांशी नुसतं खेळतात का?

चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणजे आजारी मुलांची भीती कमी करून त्यांना उपचारांसाठी मनाने तयार करणारे तज्ज्ञ. ते खेळतात, पण त्या खेळामागे हेतू असतो. सलाइन लावायचं असेल तर आधी बाहुलीला लावून दाखवतात. बिनसुईची सिरिंज, स्पिरिटचा बोळा मुलाच्या हातात देतात. मूल स्वतः बाहुलीला 'इंजेक्शन' देऊ लागलं की त्याला नेमकी कशाची धास्ती आहे ते कळतं. कधी कधी ती सुईची नसतेच, घट्ट धरून ठेवण्याची असते. म्हणून शक्य तिथे मुलाला आडवं दाबून धरण्याऐवजी आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर, कुशीत बसवून सुई टोचायची व्यवस्था करतात.

'अजिबात दुखणार नाही' हे मात्र ते म्हणत नाहीत. (पालकांनीही हे वाक्य सोडून द्यावं; ते एकदा खोटं ठरलं की पुढच्या वेळी मूल कशावरच विश्वास ठेवत नाही.) 'चिमटा काढल्यासारखं वाटेल, मग थांबेल' असं सांगतात. पर्यायही खरे देतात: सुई बघायची की मान फिरवायची? 'टोचू का?' असं विचारत नाहीत, कारण 'नको' म्हटलं तरी टोचायचंच असतं.

भावंडांकडेही लक्ष द्यावं लागतं. 'मी भांडलो म्हणून ताई आजारी पडली' असं लहान मुलांना खरोखर वाटू शकतं, आणि कुणी विचारल्याशिवाय ती ते सहसा बोलत नाहीत.

निदान किंवा औषधोपचार हे त्यांचं काम नाही. अमेरिकेत एमा प्लँक यांनी १९५५ मध्ये क्लीव्हलँडच्या रुग्णालयात असा विभाग सुरू केला. तिथे आता या कामाच्या प्रमाणपत्रासाठी इंटर्नशिप आणि परीक्षा असते.