रोल म्हणजे मुरकी नव्हे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी रविवारी सकाळी दोनदा ऐकलं आणि रात्री हेडफोन लावून पुन्हा एकदा. तुझी बासरी, जोडीला गिटार आणि काहोन, म्हणजे ते खोक्यासारखं तालवाद्य. वाजवलीत ती जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून. सूर स्वच्छ आहेत, श्वास पुरतोय, लय कुठेही पळालेली नाही. तरी ऐकताना मला जिग ऐकल्यासारखं वाटलं नाही. दादऱ्यातली एखादी गोड धून ऐकतोय असं वाटलं. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो सर' म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

जिगचे सहा ठोके, तीन-तीनचे दोन गट. म्हणजे आपला दादराच, हे तू बरोबर ओळखलंस. सुरावटही परकी नाही. त्यांच्या धुना ज्या मोडमध्ये, म्हणजे सुरांच्या चौकटीत, बांधलेल्या असतात, त्यांतला आयोनियन म्हणजे आपला बिलावल थाट, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि डोरियन म्हणजे काफी. त्यामुळे पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटतं आणि नेमकं तिथेच फसायला होतं. धुनेच्या दुसऱ्या भागात जिथे रोल हवा तिथे तू मुरकी घेतलीस. सुरेख घेतलीस, पण ती मुरकी होती.

रोल कसा वाजतो बघ. एकच सूर तीनदा ऐकू येतो. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये वरचं बोट निमिषभर उचलून तो कापायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये खालच्या भोकावर बोटाची टिचकी मारायची. या दोन्ही हालचालींत जे वरचे-खालचे सूर निसटतात, ते सूर म्हणून कानावर पडता कामा नयेत. ते आघात आहेत, तबल्याच्या चाटेसारखे. मुरकीत आपण मधले सूर गातो, त्यांना लाडाने वळवतो. इथे त्यांना फक्त वाजून जायचं असतं. याचं कारण बॅगपाइपमध्ये सापडतं. तिथे हवेचा प्रवाह अखंड असतो, जिभेने सूर तोडायची सोय नाही. एकच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये बोटानेच काप घ्यावा लागतो. पाइपवाल्यांची ही गरज पुढे बासरीवर आणि फिडलवर (म्हणजे त्यांच्या व्हायोलिनवर) अलंकार होऊन बसली. मॅट मलॉय या आयरिश वादकाची बासरी काढ, वेग निम्मा कर आणि फक्त हे काप मोज. बाकी काही ऐकू नकोस. पंधरा दिवस एवढंच कर.

आणखी एक. दोन फेऱ्या झाल्यावर तुम्ही गिटारला मोकळं रान दिलंत. जॅझमध्ये ते शोभतं. आयरिश पद्धतीत सगळे मिळून तीच धून वाजवतात. आठ बारचे (बार म्हणजे जणू एक आवर्तन) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, अशी बत्तीस बारची एक फेरी. दर फेरीला जो तो आपापल्या हाताने बारीक फरक करत जातो आणि मग न थांबता पुढच्या धुनेवर उडी. ती उडी म्हणजे त्यांची सम आहे असं मला वाटतं. बसलेले सगळे त्या क्षणी एकदम उजळतात.

आता तुझा प्रश्न: नवीन काय ऐकू, आणि फ्यूजन कुठून सुरू करू?

'केल्टिक' या शब्दावर विसंबू नकोस. (म्युझिकच्या आधी केल्टिकच म्हण, सेल्टिक हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब.) आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्समधलं ब्रिटनी, कॉर्नवॉल, आयल ऑफ मॅन, शिवाय स्पेनमधलं गॅलिसिया आणि आस्तुरियास, कॅनडातलं केप ब्रेटन, हे सगळं या एका शब्दाखाली कोंबलं जातं. आयरिश वादक आपापसांत 'ट्रॅड' म्हणतात. 'केल्टिक' म्हणून शोधलंस तर तुला समुद्राच्या लाटा आणि धुकं घातलेलं झोपेचं संगीत मिळेल. माणसाचं किंवा वाद्याचं नाव धर. एका नावामागे गेलीस की ते नाव तुला पुढच्या दारात नेऊन सोडतं.

उदाहरणार्थ इअर्ला ओ लिनार्ड. कॉर्क काउंटीतल्या कूलिआ या आयरिश बोलणाऱ्या भागातला गायक. शॉन-नोस म्हणजे 'जुन्या रीतीचं' गाणं, साथीशिवाय, अंगच्या हरकतींनी सजलेलं, ते तो घरातून शिकला. १९९६ साली आफ्रो केल्ट साउंड सिस्टिमचा पहिला अल्बम आला, त्यात पश्चिम आफ्रिकेचा कोरा (तारा छेडून वाजवायचं वाद्य) आणि टॉकिंग ड्रम, इलेक्ट्रॉनिक ठेके आणि त्यांच्यावर तरंगणारा याचा आवाज. पुढे त्या संचात जॉनी कालसींचा पंजाबी ढोलही आला. हाच गायक पुढे द ग्लोमिंग या संचात दिसतो: मार्टिन हेज यांचं फिडल, डेनिस कॅहिल यांची गिटार, न्यूयॉर्कच्या थॉमस बार्टलेटचा पियानो. तिथे वेग जवळजवळ थांबलेला. दोन्ही एकाच दिवशी ऐक. सभोवतालचं सगळं बदललं तरी गाण्याचा श्वास तोच आहे, हे तुझ्या तुलाच कळेल.

वेल्सची हार्पवादक कॅट्रिन फिंच आणि सेनेगलचा कोरावादक सेकू केईता यांची जोडी तर तू ऐकायलाच हवीस. तिचा दौरा ठरला होता मालीच्या तुमानी जबाटेबरोबर. मार्च २०१२ मध्ये मालीत लष्करी उठाव झाला, तो तिकडे अडकला, आणि तालमी खोळंबू नयेत म्हणून सेकूला बोलावणं गेलं. त्या अडचणीतून २०१३ चा 'क्लिखाई डिबॉन' आणि २०१८ चा 'सोअर' निघाले. दोन्ही वाद्यं तारा छेडून वाजणारी, दोघांचाही नाद छेडल्यावर विरत जाणारा. दोघांनी एकदम भरगच्च वाजवलं तर नुसता गलका होईल. म्हणून कोराचे अंगठे खालचा ठेका फिरवत ठेवतात, तर्जन्या वर सुरावट विणतात, आणि हार्प त्या विणीत जिथे भोक दिसेल तिथेच बोट घालते. पहिल्यांदा फक्त कोरा ऐक, दुसऱ्यांदा फक्त हार्प, तिसऱ्यांदा दोघांमधली रिकामी जागा ऐक. तुमच्या तिघांच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी जागा मला एकदाही सापडली नाही.

मी स्वतः एकदा अशाच कार्यक्रमात वाजवलं आहे. बाहेरच्या देशातून आलेला फिडलवादक, मी आणि तबला. तालमी दोन, त्याही घाईत. तो माणूस फार गुणी होता. पण मी यमन घेतला, त्याने रील, म्हणजे जलद नाचाची धून, घेतली, मग दोघांनी मिळून काहीतरी जलद वाजवलं आणि टाळ्या पडल्या. घरी येताना मन खट्टू होतं. आम्ही एकमेकांची पाळी संपायची वाट पाहत होतो, ऐकत नव्हतो. ती सल अजून आहे, म्हणून तुला इतकं कळवळून सांगतोय.

मार्टिन बेनेट हे नाव मात्र वहीत लिहून ठेव. जन्म १९७१, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा, वाढला स्कॉटलंडमध्ये. पाइप आणि फिडल, दोन्हींत तयार. नाचघरातल्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यांशी त्याने स्कॉटिश संगीताची सोयरीक जुळवली. पुढे कर्करोगाने गाठलं आणि वाद्य हातात धरवेना. तेव्हा त्याने फिरस्त्या ट्रॅव्हलर घराण्यांतल्या गायकांची आणि गेलिक भाषेत गाणाऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रणं घेतली आणि २००३ साली 'ग्रिट' केला. पहिल्याच रचनेत शीला स्टुअर्ट यांचा आवाज येतो. खडबडीत, धारदार, कुणाची परवानगी न मागणारा. मागे ड्रम कोसळत असतात, पण तो आवाज कुठेही त्यांच्याखाली जात नाही. उलट ड्रमच त्या आवाजाची ओढाताण सांभाळत चालतात. २००५ च्या जानेवारीत तो गेला, चौतीसही पूर्ण नव्हती. दहा वर्षांनी ग्लासगोच्या केल्टिक कनेक्शन्स महोत्सवात तेच 'ग्रिट' मोठ्या वाद्यवृंदाने वाजवलं.

'ग्रिट'वरून उलट मागे जा. एडिंबरा विद्यापीठात १९५१ साली स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, तिथल्या लोकांनी गावोगाव फिरून माणसं ध्वनिमुद्रित केली. त्यातलं बरंच आता 'टोबर अन ड्युअलकस' या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतं. टोबर म्हणजे विहीर. तिथे बायकांची वॉकिंग साँग्ज (waulking, चालणं नव्हे) शोध: ओलं लोकरी कापड टेबलावर आपटत, आठ-दहा जणी मिळून म्हटलेली गाणी, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. कापड आपटण्याचा आवाज हाच ताल. तुझ्या आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या तू लहानपणी ऐकल्यास, तुला हे वेगळं समजवायची गरज नाही. १९९२ साली कॅपरकेली या स्कॉटिश बँडने असंच एक गेलिक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत नेलं होतं.

आपल्या बाजूचे धागेही आहेत. झाकिरभाईंनी स्कॉटलंड, आयर्लंड आणि ब्रिटनीच्या वादकांना घेऊन केलेलं 'डिस्टंट किन' ऐक. त्यात राकेश चौरसियांची बासरी आहे आणि ब्रिटनीच्या जाँ-मिशेल वेयाँ यांची लाकडी बासरीही. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन बासऱ्यांमध्ये आहे: राकेशजी तिथे आयरिश होऊ पाहत नाहीत आणि वेयाँ राग आळवत नाहीत. दिल्लीच्या सुहेल युसुफ खान यांची सारंगी स्कॉटलंडच्या जेम्स यॉर्कस्टनबरोबर ऐक. त्यांच्या संचाच्या २०२० च्या अल्बमचं नावच 'नवरस' आहे. आणि जमलं तर १९९० च्या सुमाराचं एरिक मार्शां यांचं ब्रेटन गाणं, ज्यात हमीद खान यांचा तबला वाजतो. ब्रिटनीच्या लोकगायनात कान हा दिस्कान नावाची रीत आहे. पहिला गायक ओळ म्हणतो, शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर दुसरा त्याच्यात मिसळतो, मग ओळ दुसऱ्याची होते, आणि तिच्या शेपटावर पहिला पुन्हा येतो. नाचणाऱ्यांना श्वास कुठे तुटलेला ऐकूच येत नाही. भजनात टाळकरी बुवांच्या तोंडून ओळ कशी उचलतात ते आठव.

अलीकडचं काय, तर डब्लिनचा लँकम हा बँड. २०२३ चा त्यांचा अल्बम अंधारलेला आणि जड आहे, सावकाश ऐक. स्काय बेटावरची ब्रीचे खाइम्बल स्मॉलपाइप, म्हणजे लहान बॅगपाइप, वाजवते, तिने बल्गेरियन पाइपच्या धुनाही आत्मसात केल्यात, आणि २०२३ च्या अल्बममध्ये कॉलिन स्टेट्सनचा सॅक्सोफोन तिच्या सोबतीला आहे. तिचा अखंड षड्ज ऐकताना तानपुरा आठवेल. बाकीच्यांची नावं भेटलीस की देईन.

शेवटचं सांगायचं ते बुझुकीबद्दल. हे ग्रीक वाद्य. १९६० च्या दशकात जॉनी मॉयनिहन यांनी ते आयरिश संगीतात आणलं. अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांच्या हातात ते रुळलं. त्याची गोल पाठ जाऊन सपाट झाली, तारांची जुळणी बदलली. आज आयरिश मैफिलीत त्याला कुणी फ्यूजन म्हणत नाही, जसं नाट्यसंगीतात ऑर्गनला आपण म्हणत नाही. याला एक पिढी लागली. तुम्ही तिघांनी तीन आठवड्यांत रेकॉर्डिंग पाठवलंत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ये. गिटारवाल्याला आणि काहोनवाल्यालाही आण. तीच जिग, बत्तीस बार, तीन फेऱ्या, एकट्याचा तुकडा नाही, आणि दुसऱ्या भागात रोल. इ नंबरची बासरी आण, सी नको. माझी इ तडकली आहे.

तुझे
सर