दीड लाखात १९८४ सालचं घर उभं राहील का?

तुमचा प्रश्न: पहिलीच फिल्म, कला विभागाला दीड लाख रुपये, गोष्ट साताऱ्याकडच्या एका घरातली, साल १९८४. सेट लावावा की खरं घर शोधावं?

घर शोधा. मी नऊ-दहा वर्षं छोट्या फिल्मांचं आर्ट करतोय. स्टुडिओचं भाडं, प्लाय, सुतार, पेंटर आणि शेवटी सेट मोडायची मजुरी यातच तुमचे पैसे संपतील, प्रॉपर्टीला, म्हणजे घरात मांडायच्या सामानाला, काही उरणार नाही. फक्त वाईजवळच्या मेणवलीकडे जाऊ नका. तिथला नदीचा घाट लोकांनी पडद्यावर इतक्यांदा पाहिलाय की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ओळखतील.

सामान आणण्याआधी कॅमेरामनला त्या घरात नेऊन बसवा. कॅमेरा कुठल्या भिंतींकडे बघणार तेवढं ठरवून घ्या आणि पैसा तिथेच घाला. एखादी भिंत नसेलच तर तेवढी बांधा. आठ बाय चारचे पाच प्लाय उभे लावले की वीस फुटांची भिंत होते. मागे लाकडी पट्ट्यांची चौकट, टेकू आणि वाळूची पोती. सांध्यांवर कापडी पट्टी चिकटवून लांबी (पुट्टी) भरा, नाहीतर साइड लाइटमध्ये प्रत्येक सांधा दिसतो. मातीच्या भिंतीसाठी लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून थापायचा, वर मॅट डिस्टेंपर. ऑइल पेंट नको, चमकतो.

मग घरातलं नवं काढा: स्लायडिंग खिडक्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, पीव्हीसी पट्टीतलं वायरिंग. लाकडी बोर्डावरचे काळे गोल खटके जुन्या बाजारात अजून मिळतात. रंगीत टीव्ही देशात १९८२ मध्ये आला, तेव्हा गावातल्या या घरात तो ठेवायचा मोह टाळा. रेडिओ पुरे.

कॅलेंडरचं सांभाळा, आम्ही तिथे आपटलोय. १९८४ आणि २०१२ चे वार-तारखा हुबेहूब जुळतात. म्हणून आम्ही २०१२ च्या कॅलेंडरवर वरचं साल बदलून नोव्हेंबरचं पान टांगलं. पहिल्या खेळाला माझी मावशी मागून कुजबुजली, "अरे, त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात झाली होती. इंदिराबाई गेल्या त्याच्या आधी." पानावर १३ तारखेला लक्ष्मीपूजन, ठळक लाल अक्षरात! वार जुळले तरी तिथ्या जुळत नाहीत, हे डोक्यातच आलं नव्हतं.

जुनेपणा आणताना भिंतभर चहाचं पाणी शिंपडू नका, तसं कुठलंच घर मळत नाही. हात लागतो तिथे, म्हणजे खटक्याभोवती आणि दाराच्या कडेला, मळ चढतो. चुलीवरच्या भिंतीला वरच्या बाजूला काजळी धरते. आणि आजोबा ज्या भिंतीला टेकून बसतात तिथे डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा डाग असतो. तो मी खरं तेल चिंध्यांवर घेऊन चोळतो.

घरमालकांना आधीच सांगा की नंतर नवा रंग लावून देऊ, आणि त्याचे दहा-पंधरा हजार पहिल्या दिवशीच बाजूला ठेवा. हेही सांगा की कशालाही हात लावू नका. एकदा तो तेलाचा डाग मी संध्याकाळभर जमवला होता. सकाळी युनिट आलं तर भिंत लखलखीत. काकू म्हणाल्या, "एवढी माणसं येणार, घाण दिसली असती. निरम्याने पुसून काढलं."